शेजारची पट्टी

पवनेच्या काठावरची माती दुपारच्या उन्हानं इतकी तापली होती की मंचामागं चप्पल काढायची सोय नव्हती. जुबेर मात्र अनवाणी उभा होता.

"पाय भाजतील," मी म्हटलं.

"असू दे. ठोका कळतो."

"मग हेडफोन कशाला आणलायस?"

त्यानं हेडफोन गळ्यात अडकवला. आमच्या आधीच्या मुलाचं शेवटचं गाणं चालू होतं आणि लाकडी फळ्या त्या ठोक्यांनी थरथरत होत्या. समोर चार-पाचशे माणसं असतील. निम्मी तंबूंच्या सावलीत लोळलेली, बाकीची पाण्याच्या कडेला. सूर्य डोंगराआड जाईपर्यंतचा वेळ आमचा होता.

मेहेरनाझ घाम पुसत मागं आली. तीन दिवसांचा हा सगळा मेळावा तिनंच भरवला होता. मुंबईची पारशी बाई, वयानं आमच्याहून बरीच मोठी, बोलायला रोखठोक.

"ती दोघं आलीत," ती हळूच म्हणाली. "पांढऱ्या टोपीवाला आणि त्याची बायको. युरोपातल्या सात शहरांच्या दौऱ्यावर कुणाला न्यायचं ते तेच ठरवतात. तुमचे मागच्या सहा महिन्यांतले सगळे सेट त्यांनी ऐकलेत. जुबेर, तुझ्यावर फार खूश आहेत. म्हणतात, इतकं स्वच्छ मिक्सिंग कमी ऐकायला मिळतं."

"आमच्यावर," जुबेर म्हणाला. "दोघांवर."

"हां हां, दोघांवर. आज नेहमीसारखं वाजवा, बस. उद्या मला हो म्हणा."

ती गेली. मी जुबेरकडं पाहिलं. मला वाटलं होतं तो हसेल. तो आपल्या पायांकडं बघत होता.

जुबेर शिकलगार मिरजेचा. त्याच्या घरात पिढ्यान् पिढ्या तंबोरे आणि सतारी बनतात. मी सांगलीची. दोन्ही गावं इतकी जवळ, पण आमची ओळख झाली ती पुण्यात, एका मित्राच्या गच्चीवर, त्याच्या उधारीच्या यंत्रांवर. मी तेव्हा आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला होते आणि ट्रान्स ऐकून ऐकून वेडी झाले होते. ज्यांना हे संगीत ठाऊक नाही त्यांना मी एवढंच सांगते, की ही सात-आठ मिनिटांची गाणी असतात, बहुतेकांत शब्द नसतात, एक ठोका अखंड चालतो आणि त्यावर सूर हळूहळू चढत जातो. वाजवणाऱ्यानं एक गाणं संपायच्या आत दुसरं त्यात असं मिसळायचं की नाचणाऱ्याचा पाय अडखळू नये. त्यासाठी दोन्हींची लय एक करावी लागते आणि दोन्हींच्या पट्ट्या जुळाव्या लागतात. मिनिट-दीड मिनिट दोन गाणी एकमेकांवर वाजत असतात. पट्ट्या भांडणाऱ्या असल्या तर ते मिनिट नकोसं होतं.

हल्ली यंत्राच्या पडद्यावर प्रत्येक गाण्याची पट्टी आकड्यात दिसते. कुठल्या आकड्याशेजारी कुठला चालतो हे ठरलेलं असतं. आम्ही सगळे तसंच वाजवायचो. जुबेरला पडदा लागत नसे. तो हेडफोनची एक वाटी डाव्या कानाला लावायचा, दोन सेकंद ऐकायचा आणि हार्मोनियमवाल्यांच्या भाषेत सांगायचा, "काळी चार. याच्यावर काळी दोन टाक, उघडेल." आकड्यांच्या हिशोबात न बसणारी गाणीही तो एकमेकांवर घालायचा. सुरुवातीला अंगावर काटा यायचा, वाटायचं आता हे फसलं, आणि मग कुठूनतरी दोन्ही सूर एका जागी येऊन मिळायचे. समोरची माणसं अशा वेळी नाचायची थांबत आणि नुसती वर बघत. सहा वर्षं मी त्याच्या शेजारी उभी होते. एक गाणं त्याचं, एक माझं. माझं गाणं कुठं संपतंय हे मी त्याला कधी सांगितलं नाही आणि त्यानं कधी विचारलं नाही.

त्या वर्षी मात्र काहीतरी बदललं होतं. त्याचं मिसळणं फार नीट झालं होतं. कुठंच काटा येत नव्हता. सगळीकडं कौतुक होत होतं आणि मला ते ऐकताना कंटाळा येत होता. मी स्वतःलाच बजावत होते, की हे असूयेपोटी वाटतंय.

आम्ही वर गेलो. पहिलं गाणं त्याचं, दुसरं माझं, तिसरं त्याचं. उन्हं कलायला लागली तशी तंबूंतली माणसं उठून पुढं आली. पांढऱ्या टोपीवाला माणूस ध्वनियंत्रणेच्या चौकटीपाशी हाताची घडी घालून उभा होता, बायकोच्या कानात काही सांगत होता. सगळं छान चाललं होतं.

चौथं गाणं मी एक जुनं काढलं, मुळात संथ. जुबेरच्या गाण्याशी जुळवायला मला त्याची लय बरीच वाढवावी लागली. या यंत्रांवर एक बटण असतं. ते चालू असलं की गाणं कितीही पळवा, पट्टी हलत नाही. बंद असलं की जुन्या टेपरेकॉर्डरसारखं होतं, वेगाबरोबर सूरही चढतो. माझ्या बाजूचं ते बटण आधीच्या मुलानं बंद केलेलं होतं आणि माझ्या ते ध्यानात आलं नाही. गाणं आत आलं तेव्हा पडद्यावरचा आकडा होता पांढरी सहाचा, आणि वाजत होती तिच्या शेजारची, काळी पाच. कानाला मला ते लगेच कळलं. जुबेरच्या संपत आलेल्या गाण्यात तोवर नुसता ठोका उरला होता, त्यामुळं बिघडलं काहीच नाही. मी निर्धास्त होते. त्यालाही ऐकू आलंच असणार.

त्यानं माझ्या पडद्याकडं एक नजर टाकली आणि आपलं गाणं शोधलं. हेडफोन उजव्या कानाला होता, हे मी तेव्हा पाहिलं. मग त्यानं आवाजाची दांडी सावकाश वर सरकवली.

पांढरी सहा.

पेटीवर शेजारशेजारच्या दोन पट्ट्या एकदम दाबल्यावर जे होतं ते आता दोन मोठ्या भिंतींएवढ्या स्पीकरांतून होत होतं. दोन सूर एकमेकांना ओरबाडत होते. पुढच्या रांगेतली एक मुलगी थांबली आणि तिनं कपाळाला आठ्या घालून वर पाहिलं. मी जुबेरकडं पाहिलं. मला वाटलं त्याला काही सुचलंय, आता तो यातून काहीतरी काढेल, नेहमीसारखं.

त्याचे डोळे मिटलेले होते. तो हसत होता. त्यानं एक हात उंच केला, लोकांना म्हणतात ना, या, आता या, तसा. तो सूर आणखी वर चढवत होता.

मी हात लांब करून माझं गाणं तोडलं. एका झटक्यात. अर्धा क्षण सगळं पोकळ झालं, मग त्याचं एकट्याचं गाणं सुरू राहिलं आणि लोकांना तो मुद्दाम केलेला खेळ वाटला. टाळ्या पडल्या.

जुबेरनं डोळे उघडले. "का तोडलंस?"

"सूर लागत नव्हता."

"लागत होता. दोन्ही पांढरी सहा."

"जुबेर, माझं काळी पाच वाजत होतं. बटण बंद होतं."

त्यानं माझ्या यंत्राकडं पाहिलं, मग माझ्याकडं. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं होतं, काढायचं विसरल्यासारखं. त्यानं हेडफोन काढला आणि माझ्या गळ्यात घातला.

"पुढचं तू वाजव," तो म्हणाला. "मी आहे इथंच."

तो खरंच तिथंच उभा राहिला, सूर्य डोंगराआड जाईपर्यंत. टाळ्या वाजवत होता, लोकांना हात करत होता. मी वाजवत होते. काय वाजवलं ते मला आठवत नाही.

नंतर मेहेरनाझ आली. "मध्ये काय झालं ते?" तिनं विचारलं.

"वायर सैल होती," मी म्हटलं.

"तरी सांगत होते त्या पोरांना. असो. ती दोघं म्हणाली, फार छान. उद्या दुपारपर्यंत सांग मला."

जुबेर पाण्याच्या कडेला जाऊन बसला होता. मी त्याच्याजवळ जाऊन बसले. पलीकडच्या काठावर कुणाची तरी गुरं घरी चालली होती. बराच वेळ आम्ही तीच बघत होतो.

"कधीपासून?" मी विचारलं.

"होळीच्या सुमाराला. सकाळी उठलो तर शेजारच्या खोलीत फोन वाजत होता. मला वाटलं दोन फोन आहेत. एकच धून, पण दोन पट्ट्यांत." त्यानं दोन्ही हात कानांजवळ नेले. "उजवा आहे तसा आहे. डावा तेच ऐकतो, पण चढवून. आणि दर वेळी सारखंच चढवतो असंही नाही. नाहीतर हिशोब तरी केला असता."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"दोन झाले. आतल्या भागाला मार बसलाय म्हणाले. इतकी वर्षं हेडफोनची वाटी त्याच कानाला. येईल परत, किंवा नाही येणार."

"आणि तू वाजवत राहिलास."

"पडद्यावर आकडे होते की. आकड्याशेजारी आकडा ठेवत गेलो. दुसऱ्यानं लिहून दिलेल्या चिठ्ठीवर किराणा आणावा तसं." तो जरा हसला. "लोकांना फार आवडलं."

"मला का सांगितलं नाहीस?"

"तुला सांगितलं असतं तर तू माझ्याकडं बघायला लागली असतीस. आत्ता बघतीयस तसं."

मी पाण्याकडं तोंड केलं. मग जे माझ्या मनात मघापासून होतं ते बोलले. "आपण जाऊ. सात शहरं काय, कुठंही. कुठलं गाणं, कधी, कशानंतर ते तू ठरव. सूर मी बघते. मी शेजारीच असणार आहे. कुणाला कळणार नाही."

त्यानं मान डोलावली, मला वाटलं त्याला पटलं.

"कुणाला कळणार नाही, खरंय," तो म्हणाला. "पण मला ऐकायला काय येणार? तू सुंदर जुळवशील, समोरचे नाचतील, तू माझ्याकडं बघून हसशील. आणि माझ्या डोक्यात दोन बेसूर बायका भांडत असतील. मी पण हसेन. आठ महिने तेच करतोय, शलाका. पाचशे माणसांत उभं राहून इतकं एकटं वाटतं ना, की घरी जावंसं वाटतं. आणि घरी जाता येत नाही."

"का?"

"अब्बा. उंबऱ्यात पाय ठेवला की पाणी नंतर, तंबोरा आधी. बघ रे, लागलाय का. मी सहा वर्षांचा असल्यापासून. ईदलासुद्धा गेलो नाही या वर्षी. काम आहे म्हणून सांगितलं."

"उद्या जाऊ," मी म्हटलं.

"नको."

"गाडी मी चालवते."

पहाटे निघालो. कराड येईपर्यंत तो खिडकीला डोकं लावून होता. गाडीतला रेडिओ मी लावला नाही. सहा वर्षांत आम्ही शांत गाडीतून कधी गेलो नव्हतो.

मिरजेतल्या त्या गल्लीत दुकानं खालीच आहेत आणि घरं वर. जुबेरचे अब्बा चटईवर बसून एका तंबोऱ्याची घोडी घासत होते. तारा ज्या पट्टीवर टेकतात ती घोडी. तिचा पृष्ठभाग केसाएवढाही चुकला तर तंबोरा गुणगुणत नाही, नुसता वाजतो. आजूबाजूला सुकत घातलेले भोपळे होते आणि लाखेचा वास होता. मी आधी दोनदा आले होते. माझ्यासमोर ते घरची बोली न बोलता मराठीत बोलत, मुलाशीसुद्धा. पाहुण्याला परकं वाटू नये म्हणून.

"आलास," ते म्हणाले. "या बाई, बसा. लांबून आलासा."

आणि त्यांनी भिंतीला टेकलेला एक तंबोरा उचलून जुबेरसमोर धरला. "हे सोलापूरला जायचंय उद्या. बघ रे."

जुबेरनं हात पुढं केला नाही. तो उभाच होता.

"अब्बा, माझा डावा कान गेला."

त्यांनी तंबोरा मांडीवर घेतला. "ऐकू येत नाही?"

"येतं. वेगळंच येतं. दोन कानांत दोन पट्ट्या येतात."

"कधीपासून?"

"होळीपासून."

"म्हणून ईदला आला नाहीस."

"हां."

अब्बांनी हातातली कानस खाली ठेवली, हात लुंगीला पुसला. "बस इथं," ते म्हणाले.

जुबेर त्यांच्यासमोर बसला. त्यांनी तंबोरा त्याच्या मांडीवर उभा केला आणि स्वतः गुडघ्यांवर उठून आपले दोन्ही हात पुढं करून पाहिले, कुठला लागेल ते ठरवत. मग एका हाताचा तळवा मुलाच्या डाव्या कानावर घट्ट दाबला.

"छेड."

जुबेरनं चार तारा छेडल्या. गल्लीत कुणाची तरी मोटारसायकल गेली. अब्बा ती जाईपर्यंत थांबले. "परत."

त्यानं परत छेडल्या. त्याचे डोळे मिटले होते. काल मंचावर मिटले होते तसे नव्हते, कपाळावर शीर उभी होती.

"काय म्हणतोय?" अब्बांनी विचारलं.

"जोडीच्या तारांतली दुसरी उतरलीय," जुबेर म्हणाला. "किंचित."

"चढव मग."

त्यानं खुंटी पिळली, तारेतला खालचा मणी सरकवला, पुन्हा छेडलं. अब्बांनी मान हलवली नाही की शाबासकी दिली नाही. "घोडीचं बघ आता," ते म्हणाले. "खर्जाला अजून गुंजत नाही." जुबेरनं तारेखालचा दोरा बोटानं हलवला, केसाएवढा पुढं, केसाएवढा मागं. आणि एका जागी आल्यावर त्या तंबोऱ्यातून आवाज सुटला. भोपळ्यातून, लाकडातून, भिंतीतून. अब्बांचा तळवा त्याच्या कानावर तसाच होता.

"कान थकला की ऊठत जा," ते म्हणाले. "रोज थोडंच बस. घाई नाही."

रोज, असं ते म्हणाले. ते मी ऐकलं आणि जुबेरनंही ऐकलं. तो नाही म्हणाला नाही.

मी दाराशी उभी होते. आम्ही जे करायचो त्याला दोन कान लागतात. एकात चालू असलेलं, दुसऱ्यात येणारं. याला एक पुरत होता. आता यात मी काही मध्ये बोलायचं उरलं नव्हतं. दोघंही तंबोऱ्यावर वाकले होते. वरून भांड्यांचा आवाज येत होता, कुणीतरी स्वयंपाकाला लागलं होतं. मी चपला घातल्या आणि गल्लीच्या टोकाला लावलेल्या गाडीपर्यंत चालत गेले.

पुढच्या उन्हाळ्यात मी सात शहरं एकटीनं केली आणि पुढं आणखी काही वर्षं तेच केलं. जुबेर मिरजेतच राहिला. त्यानं पुन्हा कधी दोन गाणी एकमेकांवर घातली नाहीत. त्याचे तंबोरे आता लांबलांबचे गवई मागवून घेतात, असं ऐकते. त्याचं लग्न झालं तेव्हा मी परदेशात होते.

पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी मी पेठनाक्याच्या पुढं गेले होते तेव्हा फोन वाजला. मी गाडी कडेला घेतली.

"कुठं आहेस?"

"निघाले."

"अम्मीनं ताट वाढलंय तुझं."

"त्यांना सांग, पुढच्या वेळी."

मागं कुणीतरी तार जुळवत होतं. "मेहेरला काय सांगणार आहेस?"

"तू सांग, काय सांगू?"

"सांग की तू जातीयस." मग थोड्या वेळानं, "एकटी."

"बरं."

दोघांपैकी कुणीच फोन ठेवला नाही. एक उसाची ट्रॉली गाडीला घासून गेल्यासारखी गेली.

"शलाका," तो म्हणाला, "तू समोर असलीस ना, की दोघीजणी बोलल्यासारखं ऐकू येतं. होळीपासून. त्यातली खरी कुठली ते मला शोधावं लागायचं."

मी गाडीचं इंजिन बंद केलं.

"फोनवर एकच असतेस," तो म्हणाला. "बोल ना काहीतरी."

सहा वर्षं शेजारी उभं राहून मी त्याला जे म्हटलं नव्हतं ते सगळं माझ्यापाशी होतं. समोर रस्ता पुण्यापर्यंत सरळ होता. त्याच्या मागं ती तार अजून जुळत होती आणि ती आता जवळजवळ लागलीच होती, हे मला इथूनही कळत होतं.

"जेवून घे," मी म्हटलं. "गार होईल."